पाहण्यासारखी, फक्त शेवट सोडून

मी भाऊरावांचा टीव्ही बोलतोय. घाबरू नका, बातम्या सांगणार नाही. आजवर तुम्ही माझ्या तोंडून दुसऱ्यांचंच बोलणं ऐकलंत. आज पांढुर्ण्याच्या एका घरात काय घडलं ते माझ्या शब्दांत सांगतो, आणि मध्ये जाहिरातही करणार नाही.

मी काळा-पांढरा. लाकडी पेटी, पुढे दोन सरकती दारं आणि चार बारीक पाय. जन्म कारखान्यातला, त्यातलं फारसं आठवत नाही. एका बाईनं माझ्या पोटातल्या तारांना डाख लावला आणि मला पुढच्या बाईकडे सरकवलं, एवढंच. शुद्धीवर आलो तो नागपुरात, सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या काचेमागे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, मी दिसायला बरा असणार. पुढे कळलं की माणसं टीव्हीकडे बघतच नाहीत, टीव्हीत बघतात. ह्या दोहोंत बराच फरक आहे, आणि तो कळल्यावर माझा गर्व उतरला.

भाऊराव पांढुर्णा स्टेशनवर पार्सल बाबू होते. संत्र्याच्या हंगामात दिवसभर पेट्यांवर शिक्के मारायचे आणि दिल्ली-कानपूरकडे पेट्या रवाना करायचे. मला त्यांनी पॅसेंजर गाडीच्या ब्रेकच्या डब्यातून, म्हणजे गार्डाजवळच्या सामानाच्या डब्यातून आणलं. नागपूर ते पांढुर्णा ते माझ्या शेजारी एक उपडी पेटी घेऊन बसले आणि गाडीनं धक्का दिला की माझ्या पाठीवर हात ठेवत. मला हा माणूस तेव्हाच आवडला. त्याच्या अंगी दोष होते, ते मी पुढे सांगणारच आहे. पण गाडी हलली की तो हात ठेवायचा, हेही सांगितलं पाहिजे.

स्टेशनमागच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली मला जागा मिळाली. भाऊरावांच्या बायकोनं, प्रेमलतानं, माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. छपरावर उंच बांबू आणि बांबूवर ॲन्टेना. नागपूरच्या टॉवरची हवा पांढुर्ण्यापर्यंत येता येता दमून जायची. आली तर चित्र दिसायचं, नाही आली तर पडदाभर ठिपक्यांच्या मुंग्या. पण मुंग्यासुद्धा लोक बसून बघत, कारण त्यांच्या मागे काहीतरी असेल अशी प्रत्येकाला खात्री होती.

वस्तीतला मी पहिलाच टीव्ही. त्यामुळे भाऊराव पहिलेच जाणकार झाले.

मालिका संपली की ते उठत, माझी दारं ओढून घेत आणि खोलीकडे तोंड करून निकाल देत. त्यांचे निकाल तीनच. “पाह्यासारखी हाय,” “चालते,” आणि “फालतू.” निकालाला कारण एकच लागे, संदेश. “सिरेलीत संदेश पाह्यजे,” ते म्हणत. “नुसतं रडनं-हासनं तं आपल्या घरी बी होते. त्याच्यासाठी लाईट कायले जाळाची?” हवेलीतल्या खुनांची मालिका त्यांनी फालतू ठरवली, आणि एकही भाग चुकवला नाही. का, तर फालतू कशी असते ते लोकांना समजावून सांगायला ती पूर्ण पाहावी लागत होती.

शेजारचे पुंडलिकराव संत्र्याच्या बगीच्याचे मालक. पेट्या घेऊन पार्सल ऑफिसात गेले की आधी विचारायचे, “भाऊराव, नवी सिरेल कशी हाय?” मग पेट्यांचं बोलायचे. त्यांना स्वतःला मारामारी आणि देवादिकांचं आवडे, पण ते कबूल करायला लाजत. प्रेमलताला कुणी विचारत नसे. तिचं एक मत माझ्या कानावर आलं होतं. शहरातल्या श्रीमंत घराची एक मालिका चालू असताना ती स्वतःशीच पुटपुटली, “एवढ्या मोठ्या घरात झाडू कोन मारते, थे दाखवा आधी.”

असं माझं बरं चाललं होतं. तेवढ्यात जयवंता आली.

जयवंता म्हणजे भाऊरावांची धाकटी बहीण. तिला रामाकोन्याला दिलेली. नवरा सुधाकर बोरगावच्या एका कारखान्यात होता, घरी थोडी कपाशीची शेतीही होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. एके दिवशी दुपारी ती एकटीच, हातात कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. भाऊराव जेवायला घरी आले होते.

“काऊन व जयू, अचानक? जावई नाई आले?”

“नाई. थे पोरगी पाहून राहिले.”

“कोनासाठी?”

“सोतासाठी.”

भाऊरावांच्या हातातला घास हातातच राहिला. जयवंतानं माठातलं पाणी घेतलं, प्यायली, आणि शांतपणे सांगितलं. सासूनं तिलाही पोरगी पाहायला नेलं होतं. म्हणाली होती, तू बी चाल, तुले पसंत पडली तंच करू, तुया मनाविरुद्ध काई करनार नाई.

“अन् मंग?” प्रेमलतानं विचारलं.

“मंग काय, वैनी. म्या पाह्यली. पोरगी चांगली हाय. तिले खोटं नाव कायले ठेवू? थे घरी गेले, म्या बस पकडली अन् इकडं आली.”

त्या संध्याकाळी भाऊराव असे तापले की मी बंद असूनही माझ्या काचा थरथरल्या. “कायदा हाय या देशात! एक बायको जित्ती असताना दुसरी करता येत नाई! आमच्या जयूले काय वाऱ्यावर सोडलं काय?” दर चौदा एप्रिलला ते वस्तीत बाईमाणसाच्या हक्कावर भाषण करत, आणि चांगलं करत. तेच भाषण त्या दिवशी घरात झालं.

पण भाषण एका दिवसाचं असतं. दुसऱ्या आठवड्यात वस्तीतल्या बाया नळावर विचारू लागल्या, पाहुणी कधी जाणार. रामाकोन्याहून निरोप आला की दुसऱ्या लग्नाचं राहू द्या, तूर्त बोलणं थांबवलं आहे, सूनबाईला पाठवा, कापूस वेचणीचे दिवस जवळ आले आहेत. भाऊरावांचा आवाज हळूहळू खाली आला. “घर म्हटलं का भांड्याले भांडं लागतेच,” ते प्रेमलताला म्हणाले. “थे थांबवतो म्हनून राहिले न. आपन किती तानाचं?” जयवंता आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला नाही.

ह्याच सुमारास माझ्यावर मालतीची मालिका सुरू झाली. मालिकेचं नाव काहीतरी मोठं संस्कृत होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे म्हणत “मालतीवाली.” मालती ही दिल्लीकडच्या एका साहेबाची बायको. साहेबानं ऑफिसातल्या दुसऱ्या बाईशी सूत जमवलं आणि मालतीला सांगितलं, तू राहा, तुला काही कमी पडू देणार नाही, फक्त बोलू नको. मालती काही दिवस गप्प राहिली आणि मग एका भागात घर सोडून निघाली. ती फाटक उघडून बाहेर पडली तेव्हा आमच्या खोलीत बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुंडलिकरावांना खोकला आला. भाऊरावांनी तर माझी दारं लावण्याआधी चष्मा पुसला.

“पाह्यासारखी!” ते म्हणाले. “याले म्हनते संदेश. पाहा, बाईनं मान खाली घातली नाई. हे सिरेल घरोघरच्या बाईनं पाह्यली पाह्यजे.”

त्यांच्याच घरची एक बाई, जयवंता, तेव्हा दाराच्या उंबऱ्यावर, हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. माझं उजवं दार पावसाळ्यात फुगून अर्ध्यातच अडकायचं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून तिला माझा अर्धाच पडदा दिसत असे. मालतीचा नवरा नेहमी नेमका उजवीकडे उभा राहायचा. त्या दिवसांत जयवंताला तो कधी धड दिसला नाही. तिचं त्यात काही बिघडलं असं मला वाटत नाही.

दर आठवड्याला असंच चाललं. खोलीत बसलेली माणसं मालतीसाठी हळहळत, “कुठं जाईल बिचारी,” म्हणत, आणि कप रिकामे झाले की हात मागे न वळवता तसेच मागे धरत. जयवंता ते घेऊन आत जाई. माझा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडतो, त्यामुळे मला सगळी तोंडं दिसतात. त्या दिवसांत तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. ती एखाद्या लबाड दुकानदाराचा तराजू बघावा तसं त्यांच्याकडे बघत होती.

मग एका रविवारी रामाजी आले. सुधाकरचे थोरले भाऊ. सोमवारी सकाळच्या बसनं जयवंताला घेऊन जायचं, असं भाऊरावांनी त्यांच्याशी आधीच ठरवलं होतं. बसची वेळसुद्धा स्वतः चौकशी करून ठेवली होती. प्रेमलतानं नवऱ्याच्या सांगण्यावरून नणंदेची पिशवी भरली, वर कुरडयांचा डबा ठेवला आणि पिशवी दाराजवळ आणून ठेवली. संध्याकाळी मालिकेची वेळ झाली. खोली भरली. रामाजींना पाहुणे म्हणून माझ्या अगदी समोर, एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं.

त्या दिवशीच्या भागात मालती भावाच्या दारात आली. भावानं तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि घड्याळात बघून म्हणाला की दीदी, संध्याकाळची गाडी अजून मिळेल, जीजाजी चिंता करत असतील.

भाऊराव ताडकन उठून उभे राहिले. “याले भाऊ म्हनते?” ते माझ्यावरच ओरडले. “बहीन दारात उभी हाय, अन् हा गाडीचा टाईम सांगून राहिला!”

आणि लाईट गेली.

पांढुर्ण्याची लाईट कधी जायची याला काही नियम नव्हता, पण ती इतकी मोक्यावर मी तरी कधी जाताना पाहिली नाही. कुणी उठलं नाही. प्रेमलतानं कंदील लावून खिडकीत ठेवला. मालतीचं पुढे काय होणार यावर बोलणं सुरू झालं.

“पन भाऊराव,” पुंडलिकराव म्हणाले, “बाईचं घर तं थेच हाय न? भावाकडं किती दिवस राहीन?”

“कोनतं घर?” भाऊराव भाषणाच्या आवाजात म्हणाले. “जिथं तिच्यासमोर दुसरी आनून बसवते, थे घर? म्या तिचा भाऊ असतो तं सांगितलं असतं, माय, बैस. पानी पी. हे तुयंच घर हाय. कोनाची बिशाद हाय तुले नेयाची!”

रामाजी खुर्चीत हलले. खुर्ची करकरली. भाऊरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. बोलायला लागले की त्यांना आपण कुणासमोर बोलतो आहोत याचं भान राहत नसे. मला तर वाटतं, त्या घटकेला ते खरंच मालतीचे भाऊ झाले होते.

“दादा.”

जयवंता उंबरा ओलांडून खोलीत आली होती. हातात ट्रे नव्हता.

“हे थ्या मालतीसाठीच बोलून राहिला, का माह्यासाठी बी चालते?”

पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर बंदच होतो.

“माह्यासाठी चालत असंन,” ती म्हणाली, “तं माही पिशवी दाराजवळ कायले ठेवली?”

भाऊरावांनी छताकडे पाहिलं. “लाईन आली का पाहा बरं कोनी,” ते म्हणाले. लाईन आली असती तर सगळ्यांना दिसलंच असतं. सगळे जमिनीकडे पाहत राहिले. रामाजी तेवढे भाऊरावांकडे पाहत होते.

तेव्हा प्रेमलता उठली. माणसांमधून वाट काढत दाराजवळ गेली, पिशवी उचलली, आत नेली आणि पलंगाखाली सरकवली. कुरडयांचा डबा काढून फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग ती परत येऊन आपल्या जागी बसली आणि पदर सारखा केला.

भाऊराव आता दोन्हीकडून अडकले. वस्तीसमोर नाही म्हणवत नव्हतं, पाहुण्यासमोर हो म्हणवत नव्हतं. त्यांनी जो मार्ग काढला, तो पार्सल बाबूलाच सुचावा. निर्णय न घेता माल पुढच्या गाडीवर टाकायचा.

“रामाजीभाऊ, असं करा,” ते म्हणाले. “हे सिरेल होऊन जाऊ द्या. मंग पाहू.”

“सिरेलीचा अन् आमच्या सुनेचा काय संबंध?”

“संबंध हाय,” भाऊराव म्हणाले. कोणता, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नाही.

रामाजींनी खुर्ची पुढे ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “अजून किती हप्ते हाय हे?”

“थे दिल्लीवाल्याले मालूम.”

अशा रीतीनं एका बाईचं काय करायचं हे माझ्यावर सोपवून दोन घरं मोकळी झाली. रामाकोन्याच्या पंचायतीत माझा एक जातभाई होता, सरकारनं दिलेला, कपाटात कुलूपबंद. इतके दिवस त्यावर फक्त शेतीचं सांगणं लागायचं. आता रामाजी आणि जयवंताची सासू दर आठवड्याला त्याच्यासमोर जाऊन बसू लागले. मालतीनं परत जावं म्हणून तिकडे लोक हात जोडत. मालतीनं जाऊ नये म्हणून इकडे बाया पदर चावत. मालतीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपली गॅलरीत उभी राहून पावसाकडे पाहायची.

जयवंता आता उंबऱ्यावर उभी राहत नव्हती. माझ्या समोर, पहिल्या रांगेत बसू लागली. चहा ज्याला पाहिजे त्यानं आत जाऊन घ्यावा असा नवा रिवाज पडला, आणि आश्चर्य म्हणजे पुष्कळांचं चहावाचून भागू लागलं.

एकदा मालिका संपल्यावर तिनं विचारलं, “हे मालती एवढे दिवस भावाकडं हाय. काई कमावत नाई, घरात कामाले हात लावत नाई. मंग खाते काय?”

“सिरेलीत तसं पाहाचं नसते,” भाऊराव म्हणाले.

“मंग कसं पाहाचं असते?”

“संदेश पाहाचा.”

जयवंतानं मान डोलावली. पण ते ‘खाते काय’ तिच्या डोक्यातून गेलं नाही. आणि प्रेमलताच्याही. दुसऱ्या दिवशी भाऊराव ड्यूटीवर गेल्यावर दोघी माझ्यासमोर तांदूळ निवडत बोलत बसल्या. प्रेमलताची मामेबहीण विजया सौसरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिथं मुलींवर देखरेख करायला एक बाई पाहिजे होती, राहायला खोलीसकट. जयवंता आठवी शिकलेली. मधल्या काळात दोघी दोनदा सौसरला जाऊन आल्या. घरी सांगून गेल्या की विजयाकडे पापड करायला चाललो. भाऊरावांनी पापड कुठे आहेत असं कधी विचारलं नाही. मालती गॅलरीतून खाली उतरते की नाही, याच चिंतेत ते होते.

शेवटी शेवटचा भाग आला. खोलीत मुंगीला जागा नव्हती, आणि नशिबानं पडद्यावरही मुंग्या नव्हत्या. नागपूरची हवा त्या दिवशी लख्ख होती. साहेबाला ताप आला. मालतीला निरोप गेला. ती धावत गेली, साहेबाच्या पायावर डोकं ठेवलं, साहेबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, सनई वाजली, आणि अक्षरं वर सरकू लागली.

खोलीत सुस्कारे सुटले. “सोन्यासारखा शेवट,” पुंडलिकराव म्हणाले. “घर जुळलं बा एकदाचं.” ज्या बाया इतके आठवडे ‘जाऊ नको’ म्हणत होत्या, त्याच आता डोळे पुसत ‘बरं झालं माय’ म्हणत होत्या. मी वर्षानुवर्षं लोकांना पाहतो आहे. सनई वाजली की लोकांचं मत बदलतं, एवढं मी नक्की सांगू शकतो.

सगळ्यांनी निकालासाठी भाऊरावांकडे पाहिलं. भाऊराव उठले, माझी दारं ओढली, उजवं दार अडकलं, त्यांनी ते तसंच सोडलं आणि न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसले. निकाल लागला नाही असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रामाजी हजर. पहिल्या बसनं आले असणार. चेहऱ्यावर, कोर्टात जिंकलेल्या माणसासारखं तेज.

“पाह्यली न, भाऊराव? टीव्हीतली गेली. अन् आमी नाई दाखवलं हे, सरकारनं दाखवलं. आता तं काई बाकी नाई?”

भाऊराव स्टेशनला जायच्या तयारीत होते. काळा कोट अर्धा घातलेला, एक बाही लोंबत होती. ते माझ्याजवळ आले, आणि गाडीच्या धक्क्यात ठेवायचे तसा त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला. हात थोडा ओला होता.

“फालतू सिरेल होती,” ते म्हणाले.

“आँ? तुमीच तं गावभर सांगत होते, पाह्यासारखी हाय म्हनून!”

“होती. शेवट सोडून पाह्यासारखी होती. शेवट फालतू हाय.” त्यांनी दुसरी बाही चढवली. “रामाजीभाऊ, चहा घ्या, नाश्ता करा. पन जयू येत नाई. माह्या बहिनीले कोनी पाव्हनी म्हनो का काई म्हनो. तुमच्या घरी तुमी कोनाले आनाचं थे आना, कायदा काय म्हनते थे मंग आपन पाहू.”

रामाजी खूप बोलले. जातीतल्या लोकांचं, अब्रूचं, म्हातारपणाचं. भाऊराव मान खाली घालून ऐकत राहिले, त्यांची ड्यूटीची वेळ टळून गेली, पण ‘बरं’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मतं त्यांनी पुष्कळ दिली होती. एखादं मत दिल्यावर त्यांच्या कपाळाला घाम फुटलेला मात्र मी त्या एकाच दिवशी पाहिला.

रामाजी गेल्यावर ते मोठ्या अभिमानानं आत वळले. “जयू, ऐकलं न? आता तुले कोनी नेत नाई. आरामात राहा आता इथं.”

जयवंता पलंगाखालची पिशवी बाहेर ओढत होती.

“दादा, तू बोलला, लय चांगलं वाटलं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ते तिनं लपवले नाहीत. “पन म्या जाऊन राहिली. सौसरले. वसतिगृहात काम भेटलं. परवापासून या म्हनले.”

भाऊराव बायकोकडे पाहू लागले. “तुले मालूम होतं?”

“हाव.”

“मंग मले काऊन नाई सांगितलं तुमी दोघीनं?”

“तुमी सिरेल पाहून राहिले होते,” प्रेमलता म्हणाली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. भाऊरावांच्या शब्दाची किंमत भाऊरावांनाच द्यावी लागली. वस्तीतले काही लोक बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. पुंडलिकरावांनी स्वतःचा टीव्ही आणला आणि देवादिकांच्या मालिका मोकळेपणानं बघू लागले. सुधाकरनं दुसरी केली की नाही ते मला माहीत नाही. ती गोष्ट माझ्यावर दाखवली नाही.

दोनेक वर्षांनी भाऊरावांनी रंगीत टीव्ही घेतला. त्याला दारं नाहीत, त्यामुळे निकाल देताना काय ओढायचं हे त्यांना अजून समजत नाही म्हणतात. मला कुणाला तरी विकायचं चाललं होतं. प्रेमलता म्हणाली, जयूले द्या. मग भाऊराव मला बसमध्ये मांडीवर घेऊन सौसरला आले. तेव्हापासून मी वसतिगृहाच्या आवारातल्या जयवंताच्या खोलीत आहे. आता माझं चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं आहे. माणसं उंच आणि बारीक दिसतात. आवाज चांगला आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी भाऊराव येतात, मालिका बघतात, आणि संपल्यावर तोंड उघडण्याआधी बहिणीकडे बघतात. “कशी वाटली व?” असं आता ते विचारतात. निकाल मागून देतातच, पण आधी विचारतात.

परवाच्या रविवारी विजया आणि वसतिगृहातल्या मुली नवी मालिका बघायला आल्या होत्या. गरीब घरची एक मुलगी शहरात जाते आणि मोठी होते, अशी काहीतरी. मधेच जंगलाकडच्या गावची एक मुलगी म्हणाली, “बाई, थ्या पोरीले भूकच लागत नाई का वं?”

सगळ्या खदखदून हसल्या. जयवंताही हसली. उठून तिनं मला बंद केलं. कुणी ‘राहू द्या न’ म्हटलं नाही. त्या मुलीनं मग सांगितलं, तिची आजी मोहफुलं वेचायला गेली असताना झाडाखाली अस्वल आलं, आणि आजीनं त्याला टोपली फेकून मारली. मग विजयानं आपलं सांगितलं. मग दुसऱ्या एकीनं, मग तिसरीनं. मी विझलेला होतो. माझ्या काळ्या काचेत मुली दिसत होत्या, पोळ्यांचं पीठ लागलेले विजयाचे हात दिसत होते, पाय पसरून बसलेली जयवंता दिसत होती. माझ्यात जे दिसत होतं ते त्याच खोलीतलं होतं, असं माझ्या आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं. आजीच्या अस्वलाचा शेवट ऐकताना तर मला सनईची आठवणही झाली नाही.

माझी पिक्चर ट्यूब आता फार दिवस साथ देणार नाही. जाण्याआधी एवढीच विनंती. माझ्यात दाखवतात ते खुशाल बघा, रडा, भाऊरावांसारखे निकाल द्या. पण कधी कधी भर मालिकेत मला विझवा आणि शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, बाबा, तुझं काय चाललंय. मला वाईट वाटणार नाही. बटण उजव्या हाताला, खाली आहे. कडक झालंय थोडं, जोर लावून फिरवा.